दरडीवर वसलेलं रोकफोर

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुम्हाला फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेराँ नावाच्या जिल्ह्यात घेऊन जाणार आहे. तिथे रोकफोर-स्युर-सूलझाँ नावाचं एक खेडं आहे. वस्ती हजाराच्याही आत. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने बांधलेली उंच घरं. शेतीला सपाट जमीन जवळपास नाहीच. पण या गावाचं नाव जगभरच्या दुकानांत दिसतं, कारण निळ्या-हिरव्या रेषांचं, मेंढीच्या दुधाचं रोकफोर चीज इथलं.

चीजबद्दल बोलायचं, तर आधी डोंगराबद्दल बोलायला हवं. गावामागच्या डोंगराचं नाव काँबालू. उंची साधारण आठशे मीटर. वर चुनखडीचा जाड थर आणि खाली चिकणमातीसारखे मऊ थर. चुनखडीत मुरलेलं पाणी खाली उतरतं, मऊ थर निसरडे होतात आणि वरचा खडक हळूहळू सरकू लागतो. फार प्राचीन काळी काँबालूची उत्तरेकडची बाजू अशीच ढासळली. प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या. हा ढिगारा सुमारे दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद आहे. गाव वसलंय ते या ढिगाऱ्यावर.

शिळांच्या मधे ज्या फटी राहिल्या, त्यांना तिथले लोक ‘फ्लरीन’ म्हणतात. बाहेरची हवा या फटींत शिरते, ओल्या थंड खडकाला घासत आत येते आणि पोकळ्यांमध्ये खेळत राहते. म्हणून बाहेर भर उन्हाळा असो की बर्फ, आत आठ ते बारा अंश तापमान आणि जवळजवळ पूर्ण दमट हवा. कुठलंही यंत्र नाही. माणसांनी या पोकळ्यांना भिंती आणि मजले घातले, चीज मुरत ठेवायला लाकडी फळ्या लावल्या. बाहेरून साधी दिसणारी घरं डोंगराच्या पोटात कित्येक मजले खाली उतरतात.

या हवेत पेनिसिलियम रोकफोर्टी नावाची बुरशी सुखाने वाढते. परंपरेने ती राय धान्याच्या पावावर वाढवत आणि तिची पूड चीजमध्ये घालत. चीजला सुयांनी भोकं पाडतात, म्हणजे हवा आत जाते आणि बुरशी तिथे रेषा काढते. या कोठारांतलं काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः बायकांनी केलं. त्यांना ‘काबानिएर’ म्हणत. थंडीत, ओलीत उभं राहून चीज खरवडणं, मीठ लावणं, उलटवणं. रोकफोरच्या कीर्तीत मला या बायकांचा वाटा फार मोठा वाटतो. राजांची नावं सनदांवर राहिली, यांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी राहिली नाहीत.

आता सनदांकडे येऊ. 1411 साली फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याने रोकफोरच्या रहिवाशांना हे चीज पिकवण्याचा, म्हणजे गुहेत मुरवण्याचा, एकाधिकार दिला. 1666 मध्ये तुलूझच्या न्यायसभेने नकली रोकफोर विकणाऱ्यांना दंड ठरवला. 26 जुलै 1925 रोजी तर फ्रान्सच्या संसदेने या एका चीजसाठी खास कायदा केला. दूध आसपासच्या मोठ्या प्रदेशातून आलं तरी चालेल, पण ते मेंढीचंच हवं आणि चीज या गावच्या गुहांमध्येच पिकायला हवं. आज आपण नागपूरच्या संत्र्याला किंवा कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं अभिमानाने सांगतो. त्या विचाराचा कायद्यातला एक फार जुना टप्पा म्हणजे हे रोकफोर.

दूध येतं कुठून? गावाच्या पूर्वेला लार्झाक नावाचं विस्तीर्ण पठार आहे. तेही चुनखडीचं. पाऊस पडतो, पण पाणी वर थांबत नाही, थेट जमिनीत जातं. नदी नाही, ओढा नाही. गायींचे मोठे कळप तिथे जगणं कठीण. खुरटं गवत खाऊन जगते ती लाकोन जातीची मेंढी. तिला पाणी मिळावं म्हणून मेंढपाळांनी खोलगट जागी चिकणमाती चोपून, वर दगड बसवून उथळ तळी केली. त्यांना ‘लाव्होन’ म्हणतात. कोरड्या माळावर माणसाने इतक्या साध्या साधनांनी पाणी अडवावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या पठाराच्या इतिहासात एक पान असं आहे, जे थेट आपल्या वर्ध्याशी जोडलेलं आहे. 1971 साली फ्रान्सच्या सरकारने लार्झाकवरची लष्करी छावणी तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजार हेक्टरांवर नेण्याचं जाहीर केलं. म्हणजे कितीतरी मेंढवाडे आणि शेतं जाणार. शेतकरी गोंधळले, चिडले. तेव्हा लांझा देल वास्तो नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे आले. जन्माने इटालियन, 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिलेले. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिलं होतं. 1972 च्या मार्चमध्ये त्यांनी ला काव्हालरी या गावात पंधरा दिवस उपवास केला. रोज शेतकरी येऊन त्यांच्याजवळ बसत. त्याच महिन्यात 103 शेतकऱ्यांनी शपथ घेतली, की सैन्याला जमीन विकायची नाही.

पुढचा लढाही शेतकऱ्यांनी शांततेच्या मार्गाने लढवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंढ्या थेट पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखालच्या हिरवळीवर सोडल्या. ट्रॅक्टर मोर्चे निघाले, हजारो माणसं पठारावर जमली. दहा वर्षं लोक हटले नाहीत. 1981 मध्ये फ्रान्स्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी विस्ताराची योजना रद्द केली. सरकारने तोवर विकत घेतलेली जमीन पुढे शेतकऱ्यांच्याच सामाईक संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आली.

त्या लढ्यात तरुणपणी आलेले आणि मेंढपाळ म्हणून तिथेच राहिलेले जोझे बोव्हे 1999 मध्ये जगाच्या नजरेत आले. संप्रेरकं दिलेल्या जनावरांचं अमेरिकी गोमांस युरोपने नाकारलं. त्याचा बदला म्हणून अमेरिकेने रोकफोरवर शंभर टक्के जकात लावली. दूर कुठेतरी झालेल्या वादाची झळ मेंढपाळांच्या दुधाला बसली. त्या ऑगस्टमध्ये बोव्हे आणि त्यांच्या साथीदारांनी जवळच्या मियो शहरात बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स उचकटलं. बोव्हेंना त्यासाठी तुरुंगवास झाला. त्यांची पद्धत सगळ्यांना पटेल असं नाही, पण त्यांचा राग मला समजतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाची मुलं माँपेलिएला शिकत असतील, तर तिथून मियोला जाणारा मोठा रस्ता लार्झाकवरूनच जातो. वाटेत ला कुव्हेर्तुआराद या मध्ययुगीन तटबंदीच्या गावात उतरा, तटालगतचं लाव्होन पाहा. मग रोकफोरला जाऊन गुहेत शिरा. ऐन जुलैतही एक स्वेटर बरोबर ठेवा, आणि आत गेल्यावर भिंतीतल्या फटीपाशी हात धरून पाहा. हवा येताना कळते.