मुळाक्षरं येतात, वाचता येत नाही

(पडद्यावर: पाटीवर एकच शब्द, 'नळ'. त्याच्याखाली एक लहानसं बोट.)

बोट 'न'खाली थांबतं. "न नळाचा." बोट पुढे सरकतं. "ळ बाळाचा." मग शब्द कोणता झाला? जरा विचार करून उत्तर येतं, "बाळ!"

उत्तर चुकलं, पण पाठ केलेलं सगळं बरोबर म्हटलंय. अक्षर पाहायचं, चित्र आठवायचं, चित्राचं नाव घ्यायचं, इतकंच शिकवलं गेलं होतं. 'न' पाहून नुसता 'न'चा आवाज काढायचा आणि तो पुढच्या आवाजाला चिकटवायचा, हे काम मधे राहूनच गेलं. तक्त्यावरचं चित्र पहिले दोन-तीन दिवस उपयोगी पडतं. नंतर तेच आवाजाच्या आड येऊन बसतं. म्हणून 'नळाचा' हे शेपूट वेळीच तोडायचं. 'न', बास.

(पडद्यावर: भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता. कॅमेरा पहिल्या ओळीवर.)

क, ख, ग, घ, ङ. ही मांडणी अतिशय देखणी आहे. घशापासून सुरुवात करून टाळू, दात आणि शेवटी ओठांपर्यंत, तोंडात आवाज जिथे घडतो त्या क्रमानं ती जाते. ती उच्चार समजून घेण्यासाठी आहे, पाच वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी नव्हे. 'ङ'नं सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. क आणि ख, ग आणि घ यांचे आवाज इतके जवळचे, की नवख्या कानाला ते वेगळे करताना त्रास होतो. शिवाय ही पाच अक्षरं शिकून वाचायला काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही.

त्यापेक्षा असा गट घ्या: म, न, क, ल, सोबत आ आणि काना. आता मोजा. मामा, काका, नाना, नाक, कान, काम, काल, लाल, मान, कमान, मला, आला. "मामा आला का?" "काका काल आला." चार व्यंजनांत आणि एका कान्यात मूल अख्खं वाक्य वाचतं. वाचलेल्याला अर्थ असतो, हे त्याला पहिल्या पंधरवड्यातच कळतं.

इथे एक जुनी समजूत आड येते: आधी बिनमात्रांचे शब्द, मग काना, मग वेलांट्या. घर, कमळ, गवत सोपे, कारण त्यांना काहीच जोडलेलं नाही. डोळ्यांना ते सोपे आहेत, हे खरंच. कानाचं काय?

(पडद्यावर: टाळ्या वाजवणारे हात. आधी 'मामा', मग 'कमळ'.)

'मामा' म्हणत टाळ्या वाजवा. मा, मा. दोन टाळ्या, दोन अक्षरं. आता 'कमळ'. सहज बोलताना टाळ्या दोनच पडतात, क आणि मळ. कागदावर मात्र अक्षरं तीन. लिहिलेल्या 'ळ'मध्ये 'अ' दडलेला आहे, पण बोलताना तो आपण गिळतो. 'करवत'मध्ये तर मधल्या 'र'चा 'अ' जातो आणि 'व'चा राहतो: कर, वत. कुठला 'अ' म्हणायचा आणि कुठला गिळायचा, हे मुलाला कोण सांगणार? मग ते 'घ'ला 'र' जोडून 'घरऽ' असं लांबवतं आणि हा शब्द आपल्या ओळखीचा आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. काना लागलेल्या अक्षरात हा घोळ नाही. 'का' म्हणजे 'का', कुठेही आला तरी. म्हणून काना पहिल्याच आठवड्यात यावा. कमळ-गवत थोडे मागून आले तर बिघडत नाही.

टाळ्यांचा खेळ अक्षरांच्याही आधीपासून खेळायचा. रोज पाच मिनिटं, पाटी-पेन्सिल काही नको. 'मासा'तला पहिला आवाज कोणता? 'मा'नं सुरू होणारं आणखी काय? 'काका'मधला पहिला 'का' काढून तिथे 'ना' ठेवला तर? "नाका!" ज्या मुलाला हे कानानं जमत नाही, त्याला पाटीवर अक्षर दाखवून फारसा उपयोग होत नाही.

(पडद्यावर: टेबलावर पत्ते. पारदर्शक पट्टीवर काढलेला काना हळूहळू 'क'शेजारी सरकतो.)

साहित्य फार लागत नाही. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे जाड पुठ्ठ्याचे पत्ते, त्यावर बोटभर उंचीचं एकेक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी मात्र वेगळ्या पारदर्शक पट्टीवर. क. पट्टी सरकवली, का. पट्टी उचलून 'म'ला लावली, मा. खूण तीच, ती लावली की आवाज तसाच बदलतो, हे मुलाच्या हाताला कळतं.

बाराखडीनं हे कळत नाही. क का कि की कु कू... ताल इतका पक्का असतो की तोंड आपोआप पुढे जातं. मधलाच 'के' दाखवा. बरीच मुलं ओठांतल्या ओठांत 'क'पासून सुरुवात करून 'के'पर्यंत येतात, मग सांगतात. ते पाठांतर झालं. बाराखडीचा तक्ता आडवा न वाचता उभा वाचा: का, मा, ना, ला. मग की, मी, नी, ली. मात्रा एकच, अक्षरं बदलती. तक्ता तोच राहतो, फक्त बोट वरून खाली फिरतं.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्यायची, पहिली नाही. कारण साधं आहे. 'मी'मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उभी असते. आधी 'म' दिसतो, मग वेलांटी, आवाजही त्याच क्रमानं. मराठी शब्दाच्या शेवटी सहसा दुसरीच वेलांटी येते, त्यामुळे मामी, काकी, आली असे शब्द लगेच हाताशी येतात.

(पडद्यावर: 'कविता' हा शब्द मोठ्या अक्षरात.)

पहिली वेलांटी मात्र डोळ्यांना फसवते. ती लिहायची आधी, वाचायची नंतर. या शब्दात ती क आणि व यांच्या मधे उभी आहे. डावीकडून येणाऱ्या बोटाला 'क'नंतर लगेच वेलांटी भेटते आणि मूल वाचतं, "कीवता." डोळा ज्या क्रमानं गेला, त्या क्रमानं ते बरोबरच आहे. इथे नियम पाठ करून घेण्यापेक्षा वेलांटीची कमान दाखवा. ती 'व'वर झुकली आहे. ज्याच्या डोक्यावर कमान, त्याचीच वेलांटी. कमान आणि अक्षर एका रंगात रंगवून आठ-दहा शब्द वाचले, की सुधारणा दिसते. मग रंग काढून टाकायचा, नाहीतर रंगाची सवय लागते.

आता सारखी दिसणारी अक्षरं. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, प आणि ष. ही जोडीनं शिकवू नयेत, एकमेकांपासून निदान दोन गट लांब ठेवावीत. पहिलं मुरल्यावर दुसरं. गोंधळ झालाच तर फरकावर बोट ठेवा: घ आणि म यांची शिरोरेषा सलग आहे, ध आणि भ यांची डावीकडे तुटलेली आहे. मूल सगळी अक्षरं काढून मग पूर्ण ओळीवर एकच लांब रेघ ओढतं, तेव्हा त्याचा 'ध' हमखास 'घ'सारखा दिसू लागतो. रेघ शब्दागणिक ओढायची, आणि 'ध', 'भ'पाशी पेन्सिल उचलायची.

ल आणि श यांची तर दोन-दोन रूपं. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेबाबत निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला. मोबाईलच्या पडद्यावर बऱ्याचदा दुसरंच रूप दिसतं. मुलाला 'हे पण ल' इतकं सांगितलं तरी पुरतं, पण सांगावं लागतं.

(पडद्यावर: दोन शब्द शेजारी शेजारी, 'चाक' आणि 'चार'.)

अक्षर एकच, आवाज दोन. 'च', 'ज' आणि 'झ' मराठीत दोन तऱ्हांनी म्हटले जातात आणि लिहिताना फरक दाखवत नाहीत. मूल 'चाक' हा शब्द 'चार'मधल्या 'च'नं वाचेल. मग थांबून म्हणायचं, "असा शब्द ऐकलाय का? दुसऱ्या 'च'नं म्हणून बघ." चाक हा शब्द कानावर पडलेला असेल तर मूल स्वतःच दुरुस्त करतं. पडलेला नसेल तर कितीही अक्षरं जोडली तरी ते तिथेच अडतं. १९८६ साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी हेच गुणाकाराच्या रूपात मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिहिलेला शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. म्हणून अक्षरांच्या तासाइतकंच मोठ्यानं वाचून दाखवणं महत्त्वाचं. रोज दहा-पंधरा मिनिटं, शब्दांखाली बोट फिरवत. मधेच थांबून विचारायचं, "आता काय होईल?" मुलाचं उत्तर एका शब्दाचं असेल तर ते आपण पूर्ण वाक्यात म्हणून पुढे जायचं.

अनुस्वार फार समजावून सांगू नये. 'पंख', 'खांब', 'संथ' म्हणताना तोंड आपोआप वेगळा नाद काढतं. फक्त 'घरं', 'मुलं' इथे सावध. काही मुलं तिथे 'घरम्' वाचतात. शेवटच्या टिंबाला 'अ' लांबवायचा, एवढंच.

आणि घरी 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचत असेल, तर त्यानं शब्द वाचला आहे. तिथे अडवू नका. 'ण'चं काम लिहिताना वेगळं करता येतं.

(पडद्यावर: 'दर्या' आणि 'दऱ्या'.)

जोडाक्षरं शेवटी. सुरुवात पक्का, अप्पा, अण्णा अशा दुहेरी अक्षरांनी, कारण तिथे नवीन आवाज नसतो, फक्त जोर असतो. खरा त्रास देतो तो 'र'. 'चक्र'मध्ये तो पायाशी तिरपी रेघ होऊन बसतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा, 'सूर्य'मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन चढतो, पण वाचायचा आधी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हे दोन शब्द शेजारी ठेवून म्हणून घ्या. 'दर्या'त 'र'वर जीभ जरा थांबते, 'दऱ्या'त ती न थांबता निसटते. एका दिवशी 'र'चं एकच रूप शिकवा.

मूल खरंच वाचतंय की पानाचं पाठांतर झालंय, हे कसं ओळखायचं? "काका काल आला" हे वाक्य "काल काका आला" असं लिहून पुढे करा. किंवा अर्थ नसलेले शब्द द्या: लानी, मीका, कनाम. आठवणीवर चालणारं मूल इथे चित्र शोधतं किंवा आपल्या चेहऱ्याकडे बघतं. अडलं तर लगेच सांगू नका. मनात तीनपर्यंत मोजा. मग पहिलं अक्षर बोटानं झाकून दुसरं वाचायला सांगा, बोट उचला, दोन्ही जोडायला सांगा.

(पडद्यावर: तेच बोट. आता ओळीखाली, सावकाश.)

एकदा अडखळत का होईना ओळ वाचता आली, की नवीन पानाची घाई करू नका. आठ-दहा ओळींचा तोच मजकूर तीन दिवस, दिवसातून एकदा. पहिल्या दिवशी बोट प्रत्येक अक्षराखाली थांबतं. तिसऱ्या दिवशी ते शब्दाखाली थांबतं, आणि मधेच मूल मान वर करून पुढचा शब्द बोटाच्या आधी म्हणून टाकतं.