पान उलटण्याआधी

(दृश्य: पिंगुळी. मातीच्या भिंतीला टेकून बसलेला कथेकरी. समोर मुलं. हातात रंगवलेलं चित्र.)

कुडाळच्या अगदी जवळ पिंगुळी आहे. इथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा चालत आली आहे. हाताने रंगवलेली सुटी चित्रं आणि एका आख्यानाची सगळी चित्रं मिळून एक पोथी. कथेकरी चित्र प्रेक्षकांकडे तोंड करून धरतो. वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं लहान चर्मवाद्य यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गात, बोलत पुढे नेतो. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की चित्र फिरवायचं. ही कला जिवापाड जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या सिंधुदुर्गाला आनंद झाला.

मी मुलांसाठी लिहिते आणि चित्रंही काढते. पुस्तक कसं घडतं हे मी बऱ्याच जणांकडून शिकले, पण गोष्ट आणि चित्र एकमेकांशी कसं वागतात, हे मला नीट दिसलं ते पिंगुळीत. चित्रात राम उभा आहे, समोर रावण आहे, मध्ये बाण आहेत. राम काय बोलला ते चित्रात नाही आणि रामाच्या अंगावर कुठले दागिने आहेत ते गाण्यात नाही. दोघांनी काम वाटून घेतलंय. आणि चित्र फिरवण्याआधी कथेकरी जरा थांबतो. टाळ चालू राहतो, शब्द थांबतात. तेवढ्यात मागची मुलं गुडघ्यांवर उभी राहतात.

त्या थांबण्यातून मी पुस्तक करायला शिकले.

(दृश्य: टेबलावर कोरे कागद. हात ते दुमडतात.)

माझं प्रत्येक पुस्तक एफोर आकाराच्या 8 कागदांपासून सुरू होतं. आठही कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की 32 पानांची वही होते. तिला डमी म्हणतात. हा 32 चा आकडा छापखान्यातून आला. मोठ्या कागदावर एका बाजूला एकदम बरीच पानं छापतात, मग त्याच्या घड्या घालून कडा कापतात. त्यामुळे चित्रपुस्तकं बहुतेक 16, 24 किंवा 32 पानांची असतात. त्यातली काही पानं शीर्षकाला आणि प्रकाशनाच्या तपशिलाला जातात. उरलेल्या पानांत गोष्ट बसवायची. मला ही मर्यादा फार आवडते. मोकळं रान मिळालं की मी पाल्हाळ लावते. पानं मोजून मिळाली की प्रत्येक पानाला विचारावं लागतं, तू इथे कशासाठी आहेस?

आता वेळासची गोष्ट घ्या.

(दृश्य: वेळासचा किनारा, पहाट. कुंपणाच्या आत पालथ्या टोपल्या.)

मंडणगड तालुक्यातल्या या गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे कासवांच्या रक्षणाचं काम उभं केलं. अंडी कुंपणाच्या आत खड्डा करून ठेवतात. पिल्लं बाहेर यायचे दिवस आले की त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात.

टोपली उचलणं म्हणजेच पान उलटणं! डमीत मी उजव्या पानावर टोपली काढली, तिच्या कडेला धरलेले दोन हात काढले. पान उलटलं की पिल्लं, पानभर, समुद्राकडे तोंड करून. टोपली डाव्या पानावर आणि पिल्लं शेजारच्या उजव्या पानावर घेतली असती, तर मुलाला दोन्ही एकदमच दिसलं असतं. मग टोपली उचलायची कशाला? उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मुलाचं बोट असतं. प्रश्न तिथे ठेवायचा.

या प्रसंगाचा माझा कच्चा मजकूर असा होता: पहाट झाली होती. किनाऱ्यावर लोक जमले होते. सगळे टोपलीकडे टक लावून पाहत होते. दादांनी हळूच टोपली उचलली. आता पहाट तर रंगातच आहे. लोक चित्रात आहेत आणि त्यांचे डोळेही चित्रातच आहेत. एकेक वाक्य खोडत गेले आणि शेवटी राहिलं: ‘हळू हं!’ कोण म्हणतंय, ते मूल स्वतः शोधतं.

मग शब्दांनी करायचं काय? जे काढता येत नाही ते. पहाटेच्या वाळूचा गारवा. काल काय झालं. आजीला कशाची भीती वाटते. अगदी लहान, दोन-अडीच वर्षांच्या मुलांचं मात्र वेगळं असतं. चित्रात दिसतंय तेच पुन्हा कानावर पडलं की त्यांना आनंद होतो, आणि तो आनंद त्यांना मिळायलाच हवा. कुणासाठी लिहितोय हे ठरल्याशिवाय कुठलाच नियम लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मजकूर मोठ्याने वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. आधी एकटीने, मग अंगणवाडीत. जिथे मुलांची चुळबुळ सुरू होते तिथे पेन्सिलीने खूण करते. मुलं खोटं कौतुक करत नाहीत. कंटाळा आला की सरळ उठून पाणी प्यायला जातात.

(दृश्य: मालवणचा किनारा. होड्या लागतायत. लिलावाचा गलका.)

चित्रांचं शिक्षण मला किनाऱ्यावर मिळालं. मासळीचा लिलाव चालू असताना वही घेऊन मी टोपल्यांच्या कडेला बसते. समोर बांगडे. पाठ निळसर-हिरवी, तिच्यावर काळपट ठिपक्यांच्या रांगा, पोट रुपेरी. एकदा मासे निवडणारी एक काकी वाकून माझ्या वहीत बघू लागली. चित्र अजून अर्धंच होतं.

“शेपटेकडचे बारके पर काढतलंस मां गो बाय? नायतर तो बांगडो दिसूचो नाय.”

तिने टोपलीतला एक बांगडा उचलला आणि नखाने दाखवला. पर म्हणजे माशाचे पंख. पाठीवरचा दुसरा पर संपला की शेपटीपर्यंत पाच बारीक सुटे पर, आणि तसेच पाच खाली. नखाएवढे. काकी एकेक पर उलगडून दाखवत होती आणि मी काढत होते. कुठल्याही कलाशाळेत यापेक्षा चांगला तास झाला नसता.

मालवणातल्या मुलाने बांगडा रोज पाहिलेला असतो, घरात साफ करताना, पानात वाढलेला. त्याला चित्रात ‘मासा’ नको असतो, बांगडाच हवा असतो. खेकड्याचे नांग्या धरून दहा पाय तो मोजतोच. खाडीच्या चिखलात निवटी ही मासळी पुढच्या परांवर रेलून कशी सरकते, तिचे डोळे डोक्याच्या वर कसे आलेले असतात, हे त्याला माझ्याआधी ठाऊक असतं. अशा वाचकासाठी काम करायचं म्हणजे नीट बघणं आलं. त्याने पाहिलेली वस्तू पुस्तकात तशीच्या तशी सापडली की तो पुस्तकावर विश्वास ठेवतो. मग त्याच पुस्तकात बांगडा उडाला तरी त्याची हरकत नसते.

इथल्या शाळांमध्ये मुलांना चित्र काढायला सांगितलं की कितीतरी वह्यांत दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक झोपडी येते. पूर्वेला सह्याद्री आहे, त्यामुळे तो सूर्य काही खोटा नाही. पण समुद्रात बुडणारा सूर्य वहीत का येत नाही? चिऱ्याचं घर, उतरतं कौलारू छप्पर, पडवी, पुढचं सारवलेलं खळं, मागे माडांतून जाणारी पायवाट, हे का येत नाही? मला वाटतं, छापलेल्या चित्रात जे दिसतं तेच चित्र काढण्याजोगं, असं मुलांच्या मनात बसून जातं. म्हणून कोकणातलं घर पुस्तकात छापलं जाणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

रोजच्या जगण्यावर मुलांचं पुस्तक उभं राहतं, हा भरवसा मला माधुरी पुरंदरे यांच्या कामाने दिला. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे. त्यांच्या पुस्तकांतली माणसं घरातल्यासारखी बोलतात, कुणी मुलांना उपदेश करायला येत नाही. उपदेशाची हौस मराठी बालसाहित्यात खूप आहे. ती सोडायला लेखकाला वेळ लागतो, पण सोडलीच पाहिजे.

(दृश्य: कौलांवरून पाऊस. कपाटात कागदांची थप्पी.)

पावसाळ्याबद्दल थोडं. जून ते सप्टेंबर, साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस. हवा इतकी दमट की जलरंगाचा पहिला हात वाळतच नाही आणि दुसरा त्यात पसरत जातो. कागद ओल धरतो, वाकतो. नीट झाकून ठेवला नाही तर त्यावर बुरशीचे ठिपके उठतात. म्हणून माझं वर्षच तसं वाटलं गेलं आहे: पावसात मजकूर, डमी आणि पेन्सिलीची रेखाटनं. रंगकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.

छपाईचंही एक सांगते. पडद्यावर रंग उजेडातून येतात. छापखान्यात ते चार शाईंतून येतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. त्यामुळे जुलैतल्या तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा, झगमगीत पोपटी पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरत नाही. जांभ्या दगडाचा लालही पटकन मळकट होतो. छपाईआधीचा नमुना मी खळ्यात नेऊन दिवसाउजेडी बघते. शेजारचे रंग थोडे दबते ठेवले की हिरवा आपोआप उठून येतो.

आणि मधली शिलाई. दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग घडीत जातो, तिथे कुणाचाही चेहरा येता कामा नये. रापणीचं चित्र या बाबतीत किती सोयीचं! होडी जाळं अर्धगोल टाकत जाते आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढतात. डाव्या पानावर ओढणाऱ्यांची एक रांग, उजव्या पानावर दुसरी, मध्ये पाणी. घडीत गेलं तर पाणीच जाणार.

(दृश्य: करारपत्रावर चष्मा.)

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते, कारण नव्या चित्रकारांना ते कळायला हवं. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. त्यानुसार मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे तोंडी बोलण्यावर काम केलं तर आपलंच चित्र आपल्या हातून जाऊ शकतं. कलम 19 म्हणतं, हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर ते 5 वर्षांसाठी धरायचे, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर भारतापुरते. कलम 57 मुळे हक्क विकले तरी कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो.

म्हणून करार वाचायचा, पूर्ण. एकरकमी पैसे आहेत की रॉयल्टी, ती छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, दुसऱ्या भाषेत पुस्तक गेलं तर काय, मूळ चित्रं परत कधी मिळणार, हे विचारायचं. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला प्रकाशक या प्रश्नांची उत्तरं देतो, आणि पुस्तक आवडलं नाही तर तेही स्पष्ट सांगतो.

खुल्या परवान्याचा मार्गही आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हा ऑनलाइन मंच सुरू केला. तिथल्या गोष्टी कुणीही फुकट वाचू शकतं, आपल्या भाषेत आणू शकतं. तिथे दिलेलं पुस्तक इतर भाषांत हिंडतं. कुठलं पुस्तक तसं मोकळं सोडायचं आणि कुठल्यावर पोट चालवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दोन्हीला मान देते.

(दृश्य: गणपतीची शाळा. मातीत माखलेले लहान हात.)

कोकणात मुलांच्या पुस्तकांचे विषय जागोजागी पडलेले आहेत. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, माती मळून देणारा, पण अजून डोळे आखायची परवानगी न मिळालेला मुलगा. दशावतार सुरू व्हायच्या आधी आरशासमोर बसून स्वतःचं तोंड रंगवणारा आणि सकाळी एसटी पकडून दुसऱ्या गावी जाणारा राजा. शाळेत जायला खाडी ओलांडणारी भावंडं आणि त्यांना ओळखणारा तरीवाला. माडावर चढणारा बाबा आणि खाली मान वर करून उभी असलेली त्याची लेक. ते पुस्तक उभंच हवं, आडवं चालणार नाही.

ही सगळी पुस्तकं माझ्या एकटीच्या हातून व्हायची नाहीत. तुमच्यापैकी कुणी वेंगुर्ल्यात असेल, दापोलीत असेल, मुरुडला असेल. 8 कागद घ्या, दुमडा आणि तरीवाल्यापासून सुरुवात करा. डमी झाली की जवळच्या अंगणवाडीत वाचून दाखवा, आणि मुलं कुठे उठून गेली ते लिहून ठेवा.