रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

विषय तुम्हाला माहीत आहे. जुनं घर विकायला काढलं, घेणाऱ्याने तपासनीस आणला, त्याने जाडजूड अहवाल हातात ठेवला. आता त्याला उत्तर काय द्यायचं? तिकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलू द्या, कारण ठरत आलेले व्यवहार तिच्यावरून फिसकटतात. ती गोष्ट म्हणजे रंग.

घर दाखवण्याआधी रंग काढायचा, असं किती जणांनी ठरवलंय? हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांच्या भिंतीला ओल आहे, फक्त त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) हात पटकन खाली आले. ओल इतक्या पटकन जात नाही, आणि मला नेमकं तेच सांगायचंय.

भिंतीला पोपडे सुटलेले असतात. मालक ते खरवडतो, पुट्टी भरतो, वर रंगाचे दोन हात मारतो. आत भिंत ओलीच. विटांमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून गेलं की त्यांचे स्फटिक बनतात आणि रंग, गिलावा दोन्ही आतून ढकलतात. थोड्याच दिवसांत फुगे हजर! तपासनीस तेवढंही थांबत नाही. खोलीत एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की तो दोन सुयांचं ओलावामापक तिथेच टोचतो. मग अहवालात ‘ओल आहे’ एवढंच येत नाही, ‘ओल झाकलेली आहे’ असं येतं. पहिल्या नोंदीची किंमत दुरुस्तीएवढी असते. दुसरीनंतर घेणारा घरातल्या प्रत्येक भिंतीकडे संशयाने बघतो.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. जमिनीपासून वर साधारण मीटरभर आडवा पट्टा असेल तर पाणी पायातून चढतंय. छताजवळ डाग असेल तर गच्ची, किंवा गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातली भेग. पावसाशी संबंध नाही, बारा महिने ओल आहे, आणि मागे न्हाणीघर आहे, तर नळ किंवा सांडपाण्याचा पाइप. कपाटामागे काळी बुरशी असेल तर बहुधा तिथे हवाच खेळत नाही, खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसते.

गच्चीचा संशय असेल तर पाणी जायची तोंडं बुजवून २५ ते ५० मिमी पाणी २४ ते ४८ तास साठवून बघतात. पण स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका. ५० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. पायातून येणाऱ्या ओलीसाठी महागडी औषधं टोचण्याआधी घराबाहेर जाऊन बघा. माती जोत्याच्या वर आलीय का? फरशीचा उतार भिंतीकडे आहे का? पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी उतार घरापासून दूर हवा. पुष्कळदा हे एवढंच काम असतं.

आणि कारण बंद केल्यावरही भिंत सुकायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब दर २५ मिमी जाडीला एक महिना, म्हणजे २३० मिमी भिंतीला नऊ-एक महिने. शिवाय राहिलेल्या क्षारांमुळे मापकाचा आकडा फुगून येतो. म्हणजे विक्रीच्या आदल्या महिन्यात ओल संपवता येतच नाही. तिचं कारण बंद करता येतं, आणि ते कागदावर दाखवता येतं. गिलावा बंद करण्याआधीचे फोटो, कामाचं बिल, दर महिन्याला त्याच जागी घेतलेली मापं. हे कागद रंगापेक्षा जास्त पटतात.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरली आहेत. तर अहवाल.

नोंदींचे तीन ढीग करा. पहिला, जिवाला धोका: उघड्या वायरी, अर्थिंग नसणं, गॅसगळती, हलणारा कठडा. यावर घासाघीस नको, दुरुस्त करा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टवर वायरींचं इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर न सोडणारं आवरण, तपासून घ्या; आकडा १ मेगाओहमखाली आला तर दोष शोधून ती वायर बदला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा, पण तो अर्थिंगला पर्याय नाही.

दुसरा, घराच्या सांगाड्याचा: ५ मिमीहून रुंद किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखे गेलेले तडे, गंजलेल्या सळया, वाळवी. तुमचा अंदाज सांगू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत जोडा. सळईचा गंज न काढता वरून सिमेंट थापलं तर ते पुन्हा फुटतं, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो.

तिसरा, वयाची झीज: घासलेल्या फरश्या, जुन्या खिडक्या. त्या बघूनच भाव ठरला असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

उत्तर लेखी आणि करारातल्या मुदतीतच द्या, नोंदीनिहाय: दुरुस्ती, सूट किंवा नकार. सूट ठरवण्याआधी कामाची एकच यादी देऊन दोन-तीन ठेकेदारांकडून कोटेशन घ्या. घेणारा न्हाणीघर तोडणारच असेल तर तिथे दुरुस्ती करू नका, सूट द्या. भिंत सुकायची असेल तर ठरावीक रक्कम तिसऱ्या व्यक्तीकडे अडकवून ठेवता येते. ती ओलावामापकाच्या कोणत्या आकड्यावर, कोणत्या तारखेला सुटेल हे करारात लिहा. व्यवहार मोडला तरी सापडलेला दोष आता तुम्हाला माहीत आहे, तो पुढच्या गिऱ्हाइकाला सांगा. कायद्याने काय काय सांगावं लागतं ते वकिलाला विचारा. आणि फेरतपासणीला शक्यतो तोच तपासनीस बोलवा. त्याच्याकडे आधीची मापं असतात, तो त्याच जागी सुई टोचून फरक दाखवू शकतो. रंग त्यानंतर.