झिप छोटी झाली, पण उघडेल का?

मंडळी, समोर ग्रंथालयात काम करणारी माणसं आहेत, म्हणून आधीच सांगतो: झिप म्हणजे अनेक फाइली दाबून, लहान करून एकत्र बांधलेली एक फाइल; पण ती किती लहान होते याचं कौतुक आज मी फारसं करणार नाही. आज बांधलेलं गाठोडं वीस वर्षांनी, भलत्याच संगणकावर सुटेल का, हा आपला प्रश्न.

तरी लहान होते कशी, ते बघू. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली एक पद्धत मांडली. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, की तो परत लिहायचा नाही. ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ एवढीच नोंद करायची. त्याला डेव्हिड हफमन यांची १९५२ची युक्ती जोडली: वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. या दोन्हींतून डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत तयार झाली, आणि बहुतेक झिप फाइली आजही तिच्यावरच चालतात.

मराठीच्या बाबतीत इथे एक गंमत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणीचं एक घर, पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. काना-मात्राही त्यातून सुटत नाहीत. पण या तिन्हींतला पहिला बाइट सगळ्या देवनागरीला सारखाच, आणि दुसरा दोनपैकी कुठला तरी एक. एवढी पुनरुक्ती म्हणजे डिफ्लेटला आयतं कुरण. म्हणून टाइप केलेला मराठी मजकूर झिपमध्ये छान आटतो. तुमच्या स्कॅन केलेल्या जेपीजी पानांचं तसं नाही. ती आधीच दाबलेली असतात. झिप केल्यावर जागा जवळजवळ वाचत नाही, फक्त पाचशे फाइलींची एक होते. हेही काम कमी नाही. एखादं पान गहाळ होण्याची भीती त्याने जाते.

आता झिपच का टिकली? १९८०च्या दशकात मोडेमवरून फाइली पाठवायला अमेरिकेत ‘आर्क’ नावाचा प्रोग्राम चालायचा. फिल कॅट्झ या तरुणाने त्याच प्रकारचा, पण कितीतरी वेगवान प्रोग्राम काढला. मूळ कंपनीने १९८८ मध्ये दावा लावला, तडजोड झाली, आणि कॅट्झने १९८९ मध्ये स्वतःचा नवा फॉरमॅट आणला. त्याची रचना त्याने सगळ्यांसाठी खुली करून टाकली. माझ्या मते त्याची खरी करामत तीच. कॅट्झ २०००मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, दारूपायी गेला. पण वर्डची डॉक्सएक्स, ई-पुस्तकांची ईपब, अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके या साऱ्या फाइली आतून झिपच आहेत. डॉक्सएक्सच्या एका प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा, आतले कप्पे दिसतील.

रार हा गाठोडं बांधायचा दुसरा फॉरमॅट, पण वेगळ्या जातीचा. तो युजीन रोशल यांचा, १९९३चा. उघडण्याचा कोड मिळतो, पण बांधण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला. म्हणून इगोर पाव्हलोव्ह यांचं सेव्हन-झिप, म्हणजे अशा फाइली बांधायचं-सोडायचं सॉफ्टवेअर, रार सोडवतं, बनवत नाही. त्यांचा स्वतःचा सेव्हन-झेड फॉरमॅट झिपपेक्षा बराच घट्ट बांधतो, कारण तो सहसा अनेक फाइली एका सलग प्रवाहात दाबतो. त्यामुळेच मधला एक तुकडा बिघडला तर त्याच्या पुढच्या फाइलीही हातच्या जाऊ शकतात. झिपमध्ये प्रत्येक फाइल सुटी दाबलेली असते. बिघाड बहुधा तिच्यापुरताच राहतो. दुर्मीळ दस्तऐवजांना मी तरी झिपच वापरीन, जागा गेली तर जाऊ दे.

सेव्हन-झिपच्या पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या पोर्टेबल आवृत्तीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. सरकारी कचेरीच्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसते, तिथे ती कामाला येते: फोल्डर उघडा, प्रोग्राम चालवा, यजमान संगणकात काही न बसवता बाहेर पडा. अर्थात आयटी विभागाचा नियम आधी विचारा. आणि ही प्रत आपणहून ताजी होत नाही. सेव्हन-झिपमध्ये सापडलेली एक सुरक्षेची फट २४.०९ या आवृत्तीत बुजवली. कोणाच्या ड्राइव्हवर त्याआधीची असेल तर आजच बदला, आणि ती निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.

नावांचा एक घोळही सांगतो. जुन्या झिपमध्ये फाइलींची नावं आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात धरली जात. यूटीएफ-८ची सोय झिपच्या नियमांत २००६मध्ये आली. नाव यूटीएफ-८मध्ये आहे अशी खूण नसलेली झिप उघडली, की ‘तुकाराम गाथा’च्या जागी चौकटी आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात. मजकूर आत शाबूत असतो, फक्त नाव बिघडतं. यावर उपाय म्हणजे दाखल-क्रमांक रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्या, आणि मराठी शीर्षकं झिपमध्येच एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवा.

पासवर्डचं थोडक्यात. चांगला पासवर्ड लावून एईएस-२५६ या पद्धतीने कुलूपबंद केलेली फाइल, तो विसरलात तर, गेलीच समजा. सार्वजनिक संग्रहाला पासवर्ड लावूच नका.

प्रत्येक फाइलीसोबत झिप एक पडताळणीचा आकडा साठवते. सेव्हन-झिपमधलं ‘टेस्ट’चं बटण तो आकडा नव्याने काढून ताडून बघतं. बिघाड दुरुस्त होत नाही, पण कळतो. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवी. चला, तुमच्यापैकी कोणाकडे जुनी सीडी आहे? तीवरच्या झिपवर आधी ‘टेस्ट’ चालवू, मग प्रश्न घेऊ.