परिषदेची आगोट

(रत्नागिरी येथे गृहविज्ञानाच्या शिक्षिका, विद्यार्थिनी आणि बचत गटांतील महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो,

वैशाख लागला की आपल्या घरांत आगोटीची घाई सुरू होते. भात भरडून आणायचे, वर्षाचे मीठ भरून ठेवायचे, सुकट आणि बोंबील पुन्हा एकदा उन्हात खडखडीत करून डब्यात बंद करायचे, मसाला कुटायचा, लाकडे पडवीत रचायची, आणि हे सगळे मिरगाचा पाऊस कोसळायच्या आत उरकायचे. किती माणसांना किती महिने काय पुरेल, आधी काय खराब होईल, कोणत्या कामाला ऊन हवे आणि कोणते सावलीत चालेल, हा सारा हिशोब जिच्या डोक्यात पक्का असतो, तिला नियोजन शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नसते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय गृहविज्ञान परिषदेला जायचे कसे, असे तुम्ही मला विचारले तेव्हा आगोटीच्याच रीतीने सांगावे असे मला वाटले.

आधी ही परिषद काय आहे ते पाहू. आपण ज्याला गृहविज्ञान म्हणतो आणि कृषी विद्यापीठांत ज्याला आता सामुदायिक विज्ञान असे नाव मिळाले आहे, त्या विषयाला जगात होम इकॉनॉमिक्स म्हणून ओळखतात. या विषयाचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1908 मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रायबुर्ग येथे स्थापन झाला. त्याचे कार्यालय जर्मनीत बॉन येथे आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामात त्याला सल्लागाराचा दर्जा आहे. महासंघाची जागतिक परिषद साधारण चार वर्षांनी भरते. 2004 मध्ये ती जपानमध्ये क्योटो येथे झाली, 2008 मध्ये शताब्दीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला, 2012 मध्ये मेलबर्नला, 2016 मध्ये दक्षिण कोरियात तेजॉनला आणि 2024 मध्ये आयर्लंडमध्ये गॉलवे येथे. मधली अटलांटाची परिषद 2020 ची होती, परंतु ती कोरोनाच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली. मी तेजॉनला गेले होते, आणि आज सांगणार आहे त्यातले बरेचसे त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

आपल्यासारख्यांनी तिकडे जाऊन काय करायचे, असा संकोच कोणाच्या मनात असेल तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा प्रवास आठवावा. ते आपल्याच जिल्ह्यातले. जन्म खेड तालुक्यातील शेरवलीचा आणि बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिने त्यांच्या मनात जो विचार रुजवला, त्यातून 1916 मध्ये आपल्याकडचे महिला विद्यापीठ उभे राहिले. 1901 मध्ये सुरू झालेल्या त्या जपानी संस्थेत गृहविज्ञान हा पहिल्यापासूनच एक स्वतंत्र विभाग होता. पुढे 1929 मध्ये, वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर, कर्वे परदेशी निघाले. इंग्लंडमध्ये आणि जिनिव्हात बोलले, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या शिक्षणपरिषदेला हजर राहिले, अमेरिकेत फिरले, टोकियोचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि 1930 च्या एप्रिलमध्ये परतले. स्वतःच्या संस्थेत काय चालले आहे हे नीट सांगता येण्याइतके काम गाठीशी असल्यामुळेच ते तिथे बोलू शकले.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून यावर जरा थांबते. तयारीची सुरुवात विमानाच्या तिकिटापासून होत नाही, ती विषयापासून होते. माझा विषय होता आमसुले. पहिला गोषवारा, म्हणजे निवडीसाठी परिषदेला पाठवायचा निबंधाचा सारांश, मी मोठ्या उत्साहाने लिहिला: कोकणातल्या स्त्रियांची परंपरा, त्यांचे कष्ट, कोकमाचे औषधी गुण, सोलकढीचे पाचकत्व. तो परत आला. परीक्षकांनी अगदी थोडक्यात विचारले होते की तुम्ही नेमके काय मोजले आणि कसे मोजले. मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे योग्य होते. मी कौतुक लिहिले होते, निरीक्षण लिहिलेच नव्हते.

मग पुढच्या एप्रिलमध्ये मी वही घेऊन दोन वाड्यांतल्या घरांतून बसले. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, झाडावरून काढायला कोण गेले, फोडायला किती जणी बसल्या, बिया वेगळ्या करायला किती वेळ गेला, सालींना रसाची पुटे किती दिली आणि प्रत्येक पुटानंतर ऊन किती तास मिळाले, मीठ वजनाने किती पडले, हे सारे त्या त्या वेळी टिपून ठेवले. एका घरी पाच पुटे देत होते तर शेजारच्या घरी सात, आणि दोघींनाही आपलेच बरोबर वाटत होते. संध्याकाळी खळ्यातली वाळवणे उचलून आत घ्यायची आणि सकाळी पुन्हा पसरायची, या कामाला कोणीच काम म्हणून मोजत नव्हते; विचारले तर “ते काय, होऊनच जाते” असे उत्तर मिळायचे. बिया फोडून मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, काढणे तर सगळ्यांत शेवटी, सवड मिळेल तसे, रात्रीचे. या नोंदी मांडून दुसरा गोषवारा लिहिला तो स्वीकारला गेला. पहिल्यापेक्षा तो लहान होता आणि त्यात एकही विशेषण नव्हते.

ज्यांच्या घरात बसून तुम्ही नोंदी घेता, त्यांची संमती मराठीत लिहून, त्यांना वाचून दाखवून, मगच सही घ्या. ज्या बाईने केवळ माहिती दिली नाही, तर मोजमापात हात लावला आणि तुमच्या चुका दाखवल्या, तिची इच्छा असेल तर तिचे नाव सहलेखिका म्हणून घाला. तळटीपेत आभार मानून भागवणे मला पटत नाही. बचत गटातल्या ज्या भगिनी आज समोर बसल्या आहेत, त्यांना मी मुद्दाम सांगते की परिषदेचे दार फक्त प्राध्यापिकांसाठी उघडे असते असे समजू नका.

आता दिवसांचा हिशोब. गोषवारे मागवण्याचे आवाहन साधारण वर्षभर आधी येते, स्वीकृती त्यानंतर काही महिन्यांनी, कमी दराची नोंदणी त्याच्या मागोमाग बंद होते. कोकमाचा हंगाम एप्रिल-मे मध्ये एकदाच येतो. त्यामुळे जूनमधल्या परिषदेला जायचे असेल तर आदल्या नव्हे, त्याच्याही आदल्या वर्षीच्या हंगामात वही उघडावी लागते. दिनदर्शिकेवर परिषदेच्या तारखेपासून उलटे मोजत या, म्हणजे उशीर किती झाला आहे ते लगेच दिसेल. एक सावधगिरीही सांगते. हल्ली सर्वांच्या ईमेलवर परिषदांची आमंत्रणे येतात. दोन दिवसांत पेपर स्वीकारला जातो आणि लगेच पैसे मागितले जातात. आयोजक संस्था किती जुनी आहे, समितीत कोण आहेत, मागील परिषदेत कोणते निबंध वाचले गेले, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

कागदपत्रांत आपल्या बायकांची सर्वांत मोठी अडचण नावाची असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, आणि काही घरांत तर लग्नात पहिले नावही बदललेले. पासपोर्टवर जे नाव असेल तेच नाव, त्याच अक्षरांत, परिषदेच्या नोंदणीवर, आमंत्रणपत्रावर, तिकिटावर आणि विम्यावर असले पाहिजे. माझ्या नोंदणीत पतीचे नाव राहून गेले होते आणि दुरुस्त पत्र येईपर्यंत तीन आठवडे व्हिसाचा अर्ज अडून राहिला. लग्नानंतर नाव बदलण्याची पासपोर्टसाठी सक्ती नाही, हे तरुण मुलींनी लक्षात ठेवावे. तुमचे लेखन ज्या नावाने प्रसिद्ध होते, तेच नाव शक्यतो आयुष्यभर टिकवा. पासपोर्ट आजच काढून ठेवा. साधे शुल्क 1500 रुपये आहे आणि प्रौढांना तो 10 वर्षांसाठी मिळतो.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपातील शेंगेन, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या, देशांसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. आयर्लंड मात्र त्या गटात नाही, त्याचा व्हिसा स्वतंत्र. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला बहुधा मुंबई गाठावी लागते, तेव्हा एका फेरीत काम होईल इतके कागद आधीच जुळवून न्या. नोकरी असेल तर संस्थेचे ना हरकत पत्र आणि रजेचा आदेश यांना वेळ लागतो. अर्ज गोषवारा स्वीकारला जाताच द्या.

पैशाविषयी स्पष्ट बोलते, कारण या विषयावर बायका मोकळेपणाने बोलत नाहीत. नोंदणीलाच काही शे युरो लागतात. महासंघाचे सभासदत्व घेतल्यास ते कमी होतात. समाजशास्त्रीय विषय असेल तर आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, प्रवास-अनुदानासाठी अर्ज करता येतो, पण स्वीकृतीचे पत्र हातात असल्याशिवाय अशा अर्जांचा उपयोग नसतो. मी अर्धा खर्च आवर्ती ठेवीतून केला. दोन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि घरात आधीच सांगून ठेवले की हे पैसे कशासाठी आहेत. मुलीच्या लग्नाला पैसे साठवणे आपल्याला स्वाभाविक वाटते. स्वतःच्या अभ्यासासाठी साठवताना मात्र अपराधी वाटते, आणि ते वाटू नये असे मला मनापासून वाटते.

या परिषदा बहुधा जून ते ऑगस्टमध्ये भरतात, म्हणजे आपल्या ऐन पावसात. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते, गाड्यांचा वेग कमी असतो आणि दरड कोसळली की सारे थांबते. विमानाच्या किमान दोन दिवस आधी मुंबईत असा. तेजॉनच्या परिषदेत असतानाच, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी बस पुरात गेल्या. जयगडची आणि राजापूरची. परक्या देशात सकाळी फोनवर ती बातमी वाचली तेव्हा घरी फोन लागेपर्यंतचा एक तास मी सभागृहाबाहेरच्या पायरीवर बसून काढला. त्या दिवशी कोणाचे व्याख्यान ऐकले ते मला आठवत नाही. परतीचे तिकीट रेल्वेचे होते म्हणून मी पोहोचले. तेव्हापासून निघण्यापूर्वी घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि वाडीतल्या दोघांचे क्रमांक मी कागदावर लिहून नेते.

सामानात खाद्यपदार्थ नेण्याचा मोह आपल्याला होतोच. युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे घरीच राहणार. आंब्याला रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. नारळाला लागत नाही. फळमाशीमुळे युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंब्याची आयात काही महिने थांबवली होती, हे इथल्या बागायतदारांना चांगले आठवत असेल. कोरिया आणि ऑस्ट्रेलियाही ताज्या फळांबाबत कडक आहेत. वाळलेली आमसुले दाखवायची असतील तर त्या देशाचा नियम आधी वाचा, ती छापील लेबलच्या बंद पाकिटात ठेवा आणि विमानतळावर स्वतःहून जाहीर करा. आपले काम मांडून दाखवणारे भित्तिपत्रक (पोस्टर) बहुधा ए-झिरो आकाराचे, म्हणजे सुमारे 84 सेंटीमीटर रुंद आणि 119 सेंटीमीटर उंच असते. ते कापडावर छापून घेतल्यास घडी घालून पिशवीत मावते आणि पावसात भिजत नाही.

तिथे पोहोचल्यावर काय, तर ऐका आणि आपल्या भित्तिपत्रकापाशी उभ्या राहा. तेजॉनच्या बाजारात सुकवलेल्या छोट्या माशांचे ढीग पाहून मला हर्णैचे बंदर आठवले. तिथली बाई हाताने मासा मोडून दाखवत होती की कितपत वाळला आहे, अगदी आपल्यासारखी. माझ्या भित्तिपत्रकापाशी आलेल्या बहुतेक जणी चवीविषयी विचारून पुढे गेल्या. एक केनियाची शिक्षिका मात्र बराच वेळ नोंदींचा तक्ता वाचत राहिली आणि मग तिने विचारले, “सकाळ-संध्याकाळ ही वाळवणे उचलताना त्यांची कंबर दुखते का?” मी पुटे मोजली होती, ऊन मोजले होते, मीठ मोजले होते. हे विचारायचे मला सुचलेच नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्याच वाड्यांत गेले तेव्हा वहीत त्यासाठी एक रकाना आखून नेला होता. पहिल्याच घरी हा प्रश्न विचारल्यावर ती बाई हातातला रातांबा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग बराच वेळ बोलत राहिली.