आवंढा

संध्याकाळचं हर्णै बंदर. मासळी बैलगाडीतून वाळूवर येते, लिलाव सुरू होतो. पलीकडे सुवर्णदुर्ग. आबांनी इथे तांडेल म्हणून, मच्छीमार होडीचा म्होरक्या म्हणून, उभा जन्म काढला. आता ते लिलाव पडवीतून ऐकतात.

अंगावरून वारं गेलं त्याला चार महिने झाले. पाय चालू लागला, गिळणं मात्र रुळावर येईना. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबड्या मुलांचे, असाच आपल्याकडे समज. गिळायला शिकवणारेही तेच, हे घरच्यांना कळेपर्यंत दीड महिना नाकात नळी होती.

हा चेंडू नातवाचा. पिवळा, थोडी हवा गेलेला. आबा ताठ बसतात, चेंडू हनुवटीखाली धरून दाबतात. साठ सेकंद. सून मोबाईलवर आकडे बघते. मिनिटभर विसावा, मग पुन्हा. असं तीनदा. त्यानंतर तीस वेळा नुसतं दाबायचं नि सोडायचं. हे सगळं दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे.

हनुवटीखालचे स्नायू कंठमणी वर आणि पुढे ओढतात, तेव्हा अन्ननलिकेचं तोंड उघडतं. ते दोर सैल पडलेत. तांडेलाला एवढं सांगितलं की पुरतं.

याच स्नायूंसाठी रेझा शेकर यांनी १९९७ साली मांडलेला व्यायाम उताणं झोपून करायचा. खांदे टेकलेले, डोकं उचलून पायाचे अंगठे बघायचे. आबांची मान दुसऱ्याच दिवशी धरली, म्हणून चेंडू. कुणाला काय झेपेल ते थेरपिस्ट घसा तपासून ठरवतात. हे बघून लगेच चेंडू आणू नका.

आता आबांच्या कंठमण्यावरच्या बोटांकडे बघा. रिकाम्या तोंडाने आवंढा गिळायचा, कंठमणी वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. निसटला. पुन्हा. निसटला. पुन्हा.

घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. काहींना तर ठसकाही लागत नाही.

चुलीवर पेज. शितं घोटून, गाळून, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी दाट. पाणी घशातून धावतं, दाट पेज आबांना सावरायला वेळ देते. सोलकढी अजून बंद आहे, त्यावरून रोज कुरकुर.

“आबा, हनुवटी खाली. गिळा. परत एकदा. आता आ करा.”

घशात काही राहिलं तर आवाज ओला, घरघरता येतो. सून कान देते.

“आऽऽ.”

ती दुसरा चमचा भरते.