दसरा झाला, आता चेन बघा

श्रोतेहो, नमस्कार.

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात पाने, पक्कड, हातोड्या सगळं पुसून, मांडून पूजा झाली. दसऱ्याला सकाळी सहापासून दारात गाड्या धुवायची रांग. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी चकचकीत झाली, टाकीवर हळदकुंकू लागलं, हँडलला झेंडूचा हार पडला. आणि दोन दिवसांनी त्यातल्याच तीन गाड्या परत माझ्याकडे. तक्रार तिघांची एकच. "मिस्त्री, गाडी मागसून किरकिरता."

किरकिरणारच. आमच्या सावंतवाडीच्या बाजूला जूनपासून चार महिने काय पाऊस असतो ते तुम्हाला सांगायला नको. वर आंबोलीला तर बोलायलाच नको. त्या पावसातून आणि तांबड्या चिखलातून चेनवर जे काही थोडं तेल टिकलं होतं, ते दसऱ्याच्या फवाऱ्याने धुऊन नेलं. पूजा झाली ती टाकीची. चेन कव्हरच्या आत तशीच उपाशी.

तर आज बोलायचं ते मोटरसायकलची चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, यांच्याविषयी. गॅरेजच्या भाषेत स्पॉकेट. स्कूटरवाल्यांना आज सुट्टी, तुमच्या गाडीत पट्टा असतो आणि त्याचं दुखणं वेगळं.

माझ्याकडे एक काका येतात. वेंगुर्ल्याहून मासे भरतात आणि गावोगाव विकत घाटावर जातात. मागे दोन क्रेट, त्यात बर्फ. बर्फ वितळतो, खारं पाणी ठिबकतं, आणि ठिबकतं ते नेमकं चेनवर. या काकांनी एका वर्षात दोन वेळा चेन बदलली. दोन्ही वेळा फक्त चेन. "स्पॉकेट बरे आसत, कशाक पैसे घालवू?" हे त्यांचं म्हणणं. मला हसू आलं नाही, कारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं.

तेव्हा मी उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. स्वतःची जुनी शंभर सीसीची गाडी, खिशात पैसे नाहीत. नवी चेन घेतली आणि जुन्याच स्प्रॉकेटवर चढवली. पहिले पंधरा दिवस गाडी लोण्यासारखी. गणपतीच्या आदल्या दिवशी आंबोली घाट उतरताना एका वळणावर चेन मागच्या स्प्रॉकेटवरून उडाली आणि हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, अडकली. मागचं चाक जागच्या जागी जाम. गाडी घसरत कठड्यापाशी जाऊन थांबली. मी वाचलो, पँट वाचली नाही. उस्ताद एवढंच म्हणाले, "नवी चेन जुन्या दातांवर? नवीन चपलेत जुना खडा."

असं का होतं, ते समजून घेऊ. आपण म्हणतो चेन 'लूज' झाली, चेन 'वाढली'. लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती एका बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरते. झीज होते ती या दोघांत. समजा तुमच्या चेनमध्ये 104 कड्या आहेत. प्रत्येक सांध्यात केसाच्या जाडीएवढी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर झीज झाली. 104 सांध्यांची मिळून चेन एक सेंटीमीटरच्या वर लांब झाली. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कडी आता दाताच्या मापात बसत नाही. ती दाताच्या अंगावर चढून ओढते. मग दातही झिजतो आणि एका बाजूला वाकल्यासारखा, अणकुचीदार होतो. शार्क माशाचा पर पाहिलाय? तसा. आणि अशा दातांवर नवी, अचूक मापाची चेन चढवली, की हे वाकडे दात तिला लगेच आपल्यासारखी करून टाकतात. म्हणून बाजारात चेनकिट मिळतं त्यात तीन वस्तू असतात : चेन, पुढचं छोटं स्प्रॉकेट, मागचं मोठं स्प्रॉकेट. तिन्ही एकदम बदलायच्या.

ही झीज किती पटकन होते याचा मी एकदा गॅरेजात बसून हिशेब केला. पुढे 14 दात, मागे 42, अठरा इंची चाक. एक किलोमीटरला मागचं चाक पाचशेच्या वर फेरे घेतं. म्हणजे 104 कड्यांची चेन त्या एका किलोमीटरमध्ये दोनशेहून जास्त वेळा पुरी फिरते. आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो : पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मग मागच्यावर चढताना, उतरताना. सावंतवाडीहून आंबोलीला पोचेपर्यंत एकेका सांध्याने वीस हजारांहून जास्त वेळा मान वाकवलेली असते. तेही कोरड्या घशाने आणि तोंडात तांबडी माती धरून.

ही चेन आहे जुनीच. आज जी आपण वापरतो ती बुश आणि रोलरवाली चेन हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली मँचेस्टरमध्ये काढली. सुरुवातीच्या बऱ्याच मोटरसायकलींना चेन नव्हती, चामड्याचा पट्टा असायचा. पावसात तो भिजला की घसरायचा. आपल्याकडे जून-जुलैत त्या पट्ट्याचं काय झालं असतं ते बघायला मला आवडलं असतं.

आता चेन गेली की नाही हे घरी कसं ओळखायचं? चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर त्याला एक रबरी बूच असतं, ते काढून आत बघता येतं. पण माझं सांगणं, कव्हर काढाच. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागे, जिथे चेन वळसा घेते, तिथे ती दोन बोटांनी धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. मोजायचंच असेल तर चेन ताणून वीस कड्या मोजा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 नंबरची चेन असते. तिच्या एका कडीचं माप अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. वीस कड्यांचे 254. माझ्या पट्टीवर 259 भरले की मी पुढे वाद घालत नाही. बुलेटसारख्या मोठ्या गाड्यांची चेन पाच नंबरने सुरू होते, तिची कडी पाच अष्टमांश इंचाची. पहिला आकडा म्हणजे इंचाचे किती अष्टमांश, एवढं लक्षात ठेवलं तर दुकानात कोणी चुकीची चेन गळ्यात मारू शकत नाही.

बदलायचं काम म्हणाल, तर ज्याच्या हाताला पाना माहीत आहे त्याला दोन तासांचं. पण क्रम चुकला की सकाळची संध्याकाळ होते. पहिली गोष्ट, जुनी चेन काढायच्या आधी पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. चेन जागेवर असताना मागचा ब्रेक दाबून धरला की स्प्रॉकेट फिरत नाही. चेन काढून टाकल्यावर ते पाना लावला की गरगर फिरतं आणि मग लोक दातात स्क्रूड्रायव्हर अडकवतात, ते करू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांना तिथे 10 नंबरचे दोनच बोल्ट आणि एक पत्र्याची प्लेट असते. बोल्ट काढले, प्लेट जरा फिरवली, की शाफ्टच्या खाचांतून ती बाहेर येते. मोठ्या गाड्यांना एकच मोठा नट असतो आणि त्यावर दुमडलेला वायसर. तो दुमडा आधी छन्नीने सरळ करायचा.

पुढचं झाकण उघडलं की आत काय सापडेल याची तयारी ठेवा. तांबडी माती, जुनं तेल, भाताचा पेंढा, सगळं दाबून दाबून गोवरी थापल्यासारखं बसलेलं असतं. सुरीने खरवडून काढावं लागतं. ते काढल्यावर शाफ्टच्या मागे ओलं दिसतंय का बघा. ओलं म्हणजे ऑइलसील, इंजिनचं तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. आता उघडलंच आहे तर दुसऱ्यांदा उघडायला लागू नये.

मग चेनचं लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी कडी, काढायचं. लॉकवर एक छोटी चिमट्यासारखी पत्री असते, पक्कडीने ती सरकवली की सुटते. मागचं चाक बाहेर, जुनं मोठं स्प्रॉकेट बाहेर. इथे चार नट, त्यांचे वायसर दुमडलेले. नवे नट कसताना एक झाला की त्याच्या समोरचा, गोल गोल जायचं नाही. चाक हातात आहे तोवर हबमधले रबर दाबून बघा. खिळखिळे झाले असतील तर नव्या चेनलाही दर गिअरला धक्का बसेल. शंभर रुपये वाचवायला जाऊ नका, हे मी दुकानदार म्हणून नाही सांगत.

आता सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. लॉकच्या त्या पत्रीला एक तोंड उघडं असतं, एक बंद. बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. चेनची वरची बाजू पुढे धावते, खालची मागे. म्हणजे लॉक वर असेल तर बंद तोंड हेडलाइटकडे, खाली असेल तर मागच्या दिव्याकडे. उलटं लावलं आणि वाटेत कशाला घासलं, तर पत्री सुटते, आणि पत्री सुटली की चेन सुटते. लॉक लावायला सोपी जागा म्हणजे मागचं स्प्रॉकेट : दोन्ही टोकं शेजारशेजारच्या दातांवर ठेवा, ती हलत नाहीत. पत्री बसताना 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय मी हात काढत नाही. आणि जुनं लॉक नव्या चेनला कधीच नाही.

ताण किती ठेवायचा? खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघायचं. बहुतेक छोट्या गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर खेळ लागतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. "मिस्त्री, जरा टाइट करा, परत परत येऊक नको," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी गाडीवर दोघांना बसवून चेन दाखवतो. माणसं बसली की मागचं चाक वर येतं आणि पुढच्या स्प्रॉकेटपासून त्याचं अंतर थोडं वाढतं. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन तेव्हा तारेसारखी होते, आणि तो सगळा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. चेन हजार रुपयांच्या आसपास मिळते. ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं.

चाक मागे-पुढे सरकवून ताण जुळवायचे जे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर, त्यांच्यावर रेघा असतात. त्या सारख्या ठेवा, पण त्यांच्यावर माझा पुरता विश्वास नाही. मी सुतळी वापरतो. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या बोल्टापासून ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, मध्यापर्यंत एका बाजूला सुतळी ताणायची, गाठ मारायची, तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावायची. गाठ जमली की चाक सरळ. हसा खुशाल, पण गाडी एका बाजूला ओढत नाही. त्यानंतर ॲक्सलचा नट कसा, ब्रेकच्या पट्टीचा नट आणि त्यातली पिन लावा. ती पट्टी विसरलात तर पहिल्या ब्रेकला चाक जाम होईल. शिवाय चाक सरकल्यामुळे मागचा ब्रेक बदललेला असतो, पायाखाली दाबून तोही जुळवून घ्या.

घाटातली काही पोरं या निमित्ताने पुढे 14 च्या जागी 13 दातांचं स्प्रॉकेट घालून मागतात. चढाला ओढ वाढते, खरं आहे. एक दात पुढे कमी म्हणजे मागे तीन दात वाढवल्यासारखंच. पण सपाटीला इंजिन उगाच ओरडतं आणि पेट्रोल जास्त पितं. मुंबई-गोवा रस्त्याने रोज जाणाऱ्याला मी हे करून देत नाही.

तेलाचं सांगतो आणि थांबतो. दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याहून लवकर, रॉकेल आणि ब्रशने चेन साफ करून 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा. खालच्या बाजूला, आतल्या अंगाने, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जाताना सांध्यांतून जातं. इंजिनमधून काढलेलं काळं तेल नको, त्यात लोखंडाची पूड असते. आणि चाक हाताने फिरवा. डबल स्टँडवर गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून फडक्याने चेन पुसणारे माझ्या ओळखीचे दोघे आहेत. दोघांची मिळून सतरा बोटं.

ते मासेवाले काका गेल्या महिन्यात अखेर पूर्ण किट बसवून गेले. क्रेटखाली प्लास्टिकचा ट्रे आणि त्याला नळी लावून दिली, खारं पाणी आता मडगार्डच्या मागे पडतं. दोनशे किलोमीटर झाल्यावर ताण बघायला बोलावलं होतं, नवी चेन सुरुवातीला थोडी बसते म्हणून. आले, सोबत चार बांगडे घेऊन. जुन्या चेनचं काय केलंत विचारलं. म्हणाले, फाटकाक बांधली, आता गुरां भायर जाणत नाय.

नमस्कार.